कापलेल्या शब्दाची जागा : निवेदन आणि चित्र यांच्या जुळणीचा इतिहास

माहितीपटात किंवा वृत्तपटात निवेदक पडद्यावर दिसत नाही, फक्त ऐकू येतो. त्याचे ओठ दिसत नसल्यामुळे आवाज चित्राच्या थोडा पुढेमागे झाला तरी बिघडत नाही, असे वाटणे साहजिक आहे. पण निवेदनात धरणाचे दरवाजे उघडल्याचे सांगितले जाते, तेव्हा पडद्यावर दरवाजेच दिसावे लागतात. ते वाक्य आधीच्या दृश्यावर पडले, तर प्रेक्षक नसलेले दरवाजे शोधत राहतो आणि दिसत असलेले दृश्यही हातचे जाते. शिवाय ध्वनिमुद्रित निवेदन जसेच्या तसे क्वचितच वापरता येते. खोकला, अडखळणे, चुकलेला उच्चार, लांबलेला श्वास हे सगळे काढावे लागते आणि प्रत्येक तुकडा काढला की पुढचा सगळा आवाज तेवढा अलीकडे सरकतो. दोन सेकंदांचा खोकला काढला, तर त्यानंतरचे प्रत्येक वाक्य दोन सेकंद आधी येते. या अडचणीवर गेल्या शंभर वर्षांत प्रत्येक नव्या यंत्राने आपापले उत्तर दिले. त्या सर्व उत्तरांच्या मुळाशी एकच नियम आहे : शब्द काढता येतो, त्याने व्यापलेली वेळ मात्र भरून द्यावी लागते.

यंत्राआधीची जुळणी

चित्र दाखवत गोष्ट सांगण्याची रीत सिनेमाहून फार जुनी आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीचे ठाकर समाजातील चित्रकथी पोथीतील एकेक रंगीत पान श्रोत्यांसमोर धरून रामायण-महाभारतातील कथा गातात आणि सांगतात. पान कधी उलटायचे हे सांगणारा ठरवतो. कथा रंगली तर पान थांबते, श्रोते कंटाळले तर लवकर उलटते. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास सुरू केलेल्या ‘शांबरिक खरोलिका’ या प्रयोगातही हेच तत्त्व होते. काचेवर रंगवलेली चित्रे दिव्याच्या उजेडाने पडद्यावर पडत आणि त्यांच्या जोडीला निवेदन व संगीत चाले. मूकपटांच्या काळात पडद्याजवळ पेटी-तबला वाजे आणि ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी कोणीतरी पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवी.

या सर्व प्रकारांत आवाज जिवंत माणसाचा होता. प्रक्षेपक हाताने फिरवला जाई, त्यामुळे चित्राचा वेगही कमीजास्त होई. बोलणारा आणि वाजवणारा चित्राकडे पाहत त्याच्याबरोबर चालत असल्याने जुळणी आपोआप होई. आवाज मुद्रित होऊन यंत्रातून येऊ लागला, तेव्हा हे बघून-बघून चालणे संपले. दोन यंत्रे एकमेकांकडे पाहू शकत नव्हती, म्हणून त्यांना बांधून ठेवण्याची गरज निर्माण झाली.

तबकडी आणि काळ्या फ्रेम

थॉमस एडिसन यांच्या कंपनीने १९१३ मध्ये बाजारात आणलेल्या ‘किनेटोफोन’मध्ये फोनोग्राफ पडद्याजवळ आणि प्रक्षेपक प्रेक्षागृहाच्या मागे असे. दोन्ही एका लांब दोरीने जोडलेले असत आणि मागचा चालक वेग सांभाळत असे. दोरी सैल पडली किंवा चालकाचा अंदाज चुकला की आवाज एकीकडे आणि चित्र दुसरीकडे जाई. ही पद्धत टिकली नाही.

१९२६ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने वापरात आणलेल्या ‘व्हायटाफोन’ने तबकडी आणि प्रक्षेपक एकाच मोटरवर चालवले. सोळा इंच व्यासाची तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेई आणि एका बाजूवर साधारण अकरा मिनिटांचा, म्हणजे एका रिळापुरता आवाज मावे. फिल्मवर सुरुवातीची फ्रेम खुणेने दाखवलेली असे, तबकडीवर सुई ठेवण्याची जागा बाणाने दाखवलेली असे. दोन्ही खुणा जुळवून मोटर सुरू केली की जुळणी पक्की होई. ऑक्टोबर १९२७ मध्ये आलेला ‘द जाझ सिंगर’ याच पद्धतीवर चालला.

या पद्धतीची मर्यादा फिल्म तुटली की उघडी पडे. सांधताना दहा फ्रेम गेल्या, तर तिथून पुढे चित्र दहा फ्रेम आधी येई, कारण तबकडी कापता येत नव्हती. त्यामुळे गेलेल्या प्रत्येक फ्रेमच्या जागी एक काळी फ्रेम जोडावी लागे. पडदा क्षणभर अंधारे, पण पुढचे बोलणे जागेवर राही. वेळ भरून देण्याच्या नियमाचे हे पहिले स्पष्ट रूप होते. चित्रीकरणातही तबकडीचा अंमल चाले. आवाजाचे मुद्रण मध्येच थांबवता येत नसल्याने अनेक कॅमेरे एकाच वेळी चालवले जात आणि नंतर त्यांच्या फिल्मचे तुकडे आवाजाच्या लांबीनुसार जोडले जात. आवाज अचल होता, चित्राला त्याच्यामागे जावे लागे.

आवाज फिल्मवर उतरतो

तबकडीला पर्याय म्हणून आवाज प्रकाशाच्या रूपाने फिल्मवरच उतरवण्याचे प्रयत्न आधीपासून चालू होते. ली डी फॉरेस्ट यांनी १९२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘फोनोफिल्म’चे जाहीर प्रयोग केले. १९२७ मध्ये फॉक्स कंपनीचे ‘मूव्हिटोन’ वृत्तपट आले. त्यात ध्वनिपट्टीचा काळेपणा आवाजानुसार गडद-फिकट होई. आरसीए कंपनीच्या पद्धतीत पट्टीची रुंदी कमीजास्त होई. दोन्ही प्रकारांत आवाज आणि चित्र एकाच फिल्मवर असल्याने प्रदर्शनात ती वेगळी पडण्याची भीती उरली नाही. आवाजाला स्थिर वेग हवा असल्यामुळे सेकंदाला २४ फ्रेम हे प्रमाणही याच काळात पक्के झाले.

संकलकापुढे मात्र नवा पेच उभा राहिला. चित्राच्या झरोक्यासमोर फिल्म थांबत-थांबत सरकते, कारण प्रत्येक फ्रेम क्षणभर स्थिर दिसायला हवी. आवाज वाचणाऱ्या दिव्यासमोर ती अखंड, एकसारखी धावायला हवी. ही दोन कामे एकाच जागी होऊ शकत नाहीत, म्हणून ३५ मिलिमीटर फिल्मवर एखाद्या फ्रेमचा आवाज तिच्या वीस फ्रेम पुढे छापला जातो. १६ मिलिमीटर फिल्मवर हे अंतर २६ फ्रेमचे असते. परिणामी अशी जोड-फिल्म चित्राच्या कडेवर कापली की आवाज भलत्याच ठिकाणी तुटतो. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात झळकलेल्या ‘आलम आरा’च्या चित्रीकरणात अर्देशीर इराणी यांनी ‘टॅनार’ पद्धतीचा कॅमेरा वापरला होता. त्यात चित्र आणि आवाज एकाच निगेटिव्हवर उतरत. अशा फिल्मवर बारीक काटछाटीला वाव थोडाच असे.

उत्तर असे निघाले की चित्रीकरणाच्या वेळीच आवाज वेगळ्या फिल्मवर घ्यावा, संकलन होईपर्यंत दोन्ही वेगळे ठेवावेत आणि शेवटी एकत्र छापावेत. वेगळे असूनही जोडलेले राहावेत म्हणून फिल्मच्या कडेची छिद्रे कामी आली. सिंक्रोनायझर या साध्या यंत्रात एकाच दांड्यावर अनेक दातेरी चाके असतात. एका चाकावर चित्र, दुसऱ्यावर निवेदन, तिसऱ्यावर संगीत चढवले की सर्व फिल्मा छिद्राला छिद्र मिळवून सरकतात. ३५ मिलिमीटरच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात, म्हणजे दीड फूट फिल्म ही एका सेकंदाची वेळ. संकलक वेळ घड्याळाने मोजत नसे, फुटांनी मोजे. आयव्हन सेरूरिए यांनी १९२४ मध्ये तयार केलेल्या मूव्हिओला या फिल्म पाहत संकलन करण्याच्या यंत्राला पुढे आवाज वाचणारी जोडही मिळाली. चित्रीकरणाच्या वेळी वाजवलेली क्लॅपची पाटी, आणि दोन्ही फिल्मांच्या कडेला छापलेले एकसारखे आकडे, यांमुळे कापलेला तुकडाही पुन्हा आपल्या जागी बसवता येऊ लागला.

प्रकाशमुद्रित आवाज कापण्यात आणखी एक अडचण होती. सांध्यावरून प्रकाश जाताना ‘थप’ असा ठोका ऐकू येई. त्यावर सांध्याच्या जागी काळ्या शाईचा त्रिकोण रंगवत, म्हणजे आवाज अचानक न तुटता उतरत जाई आणि पुन्हा चढे.

निवेदनाचा काळ

ध्वनिमुद्रणाची सामग्री सुरुवातीला अवजड होती. पूर, यात्रा, कारखाने, युद्धभूमी अशा ठिकाणी कॅमेरा पोहोचे, ध्वनियंत्र पोहोचत नसे. त्यामुळे चित्र मूक घ्यायचे आणि नंतर स्टुडिओत निवेदन, संगीत व आवाज जोडायचे ही रीत माहितीपटांत रूढ झाली. ब्रिटनच्या जीपीओ फिल्म युनिटने १९३६ मध्ये केलेल्या ‘नाइट मेल’ या टपालगाडीवरील माहितीपटात शेवटचे निवेदन कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांनी पद्यात लिहिले आणि संगीत बेंजामिन ब्रिटन यांनी दिले. ओळी गाडीच्या चाकांच्या लयीवर आणि दृश्यांच्या लांबीवर बसवायच्या असल्याने लिहिलेल्या मजकुराची बरीच काटछाट झाली. निवेदनाच्या संकलनाची सुरुवात लेखणीपासून होते, हे या माहितीपटाने दाखवले.

भारतात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये, फिल्म अॅडव्हायझरी बोर्ड स्थापन झाले. १९४३ पासून ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’ काम करू लागली, ती १९४६ मध्ये बंद झाली. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली. चित्रपटगृहांना परवान्याच्या अटींनुसार मान्यताप्राप्त लघुपट दाखवणे बंधनकारक असल्यामुळे फिल्म्स डिव्हिजनचे वृत्तपट आणि माहितीपट देशभर पाहिले गेले. मुख्य चित्रपटाआधी येणारा तो ठाशीव आवाज कित्येक पिढ्यांच्या ओळखीचा होता.

हे माहितीपट इंग्रजी, हिंदी, मराठी आणि इतर अनेक भारतीय भाषांत निघत. चित्र सर्वांसाठी एकच असे. संगीत आणि परिसराचे आवाज एका पट्टीवर वेगळे ठेवलेले असत आणि प्रत्येक भाषेचे निवेदन त्या पट्टीवर स्वतंत्रपणे मिसळले जाई. त्यामुळे इंग्रजी निवेदनाला जेवढी जागा मिळाली तेवढ्याच जागेत मराठी निवेदन बसवावे लागे. दृश्य एक फ्रेमही लांबवता येत नसे, कारण ते लांबवले तर इतर सर्व भाषांची जुळणी बिघडली असती. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, त्यामुळे इंग्रजी वाक्यात आधी येणारी क्रिया मराठीत पुढच्या दृश्यावर जाऊन पडू शकते. चांगला भाषांतरकार मग मोठे वाक्य तोडून दोन छोटी वाक्ये करतो आणि दृश्याशी बांधलेला शब्द त्याच्या जागेवर आणतो. असे भाषांतर फिल्मच्या फुटांवर मोजूनच करावे लागे.

सगळ्या पट्ट्या एकत्र करण्याचे काम मिक्सिंगच्या दालनात होई. चित्र पडद्यावर चालू असताना मिक्सर निवेदन वर आणतो तेव्हा संगीत खाली घेतो आणि वाक्य संपले की पुन्हा उचलतो. सुरुवातीच्या काळात मध्ये चूक झाली तर रीळ पुन्हा पहिल्यापासून चालवावे लागे. पुढे सर्व यंत्रे एकत्र मागे-पुढे नेता येऊ लागली आणि चुकलेल्या जागेपासूनच मुद्रण पुढे चालू ठेवणे शक्य झाले. मुंबईत परळच्या राजकमल कलामंदिरात मंगेश देसाई यांनी या कलेत देशभर नाव मिळवले. ‘शोले’सारख्या लोकप्रिय चित्रपटापासून सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’पर्यंत अनेक चित्रपटांचे मिक्सिंग त्यांच्या हातून झाले.

चुंबकीय फीत

जर्मनीत १९३५ मध्ये ‘मॅग्नेटोफोन’ हे चुंबकीय फितीवरचे यंत्र जाहीरपणे दाखवण्यात आले. महायुद्धानंतर ते तंत्र अमेरिकेत पोहोचले आणि १९५० च्या सुमारास चित्रपट उद्योगाने ते स्वीकारले. चुंबकीय आवाज प्रयोगशाळेत धुवावा लागत नाही, लगेच ऐकता येतो, नको असेल तर पुसता येतो. निवेदकाला तिथल्या तिथे वाक्य पुन्हा वाचायला सांगणे यामुळे सोपे झाले.

पाव इंच रुंदीच्या साध्या फितीला छिद्रे मात्र नसतात. ती ताणली जाते, चाकावर किंचित घसरते आणि काही मिनिटांत चित्राच्या मागेपुढे होते. यावर पायलट टोनचा उपाय निघाला : कॅमेऱ्याच्या वेगानुसार निघणारा सेकंदाला ५० कंपनांचा संकेत आवाजाबरोबरच फितीवर नोंदवायचा. नंतर हा संकेत पाहत आवाज छिद्रे असलेल्या चुंबकीय फिल्मवर उतरवला की वेग तंतोतंत जुळे. स्टेफान कुडेल्स्की यांच्या ‘नाग्रा’ यंत्राने ही सोय खांद्यावर नेता येईल इतकी लहान केली. पुढे कॅमेरा आणि ध्वनियंत्र दोन्ही स्फटिकाच्या स्थिर कंपनांवर चालू लागली, तेव्हा त्यांना जोडणारी तारही गळून पडली.

संकलनाच्या टेबलावर आता निवेदन चुंबकीय फिल्मवर येई. स्टीनबेकसारख्या आडव्या टेबलावर चित्र आणि दोन-तीन आवाज शेजारी-शेजारी धावत. संकलक फीत हाताने पुढे-मागे सरकवून शब्दाची नेमकी कड शोधी आणि मेणाच्या पेन्सिलीने खूण करी. सांध्यावर ठोका ऐकू येऊ नये म्हणून फीत तिरपी कापली जाई आणि पारदर्शक पट्टीने जोडली जाई.

काढलेल्या तुकड्याची लांबी फ्रेमने मोजून तेवढाच दुसरा तुकडा जागी घालणे, हा या टेबलावरचा रोजचा नियम होता. दोन वाक्यांमध्ये मोठी रिकामी जागा असेल, तर तिथे बाद झालेल्या जुन्या प्रिंटची फिल्म भरून म्हणून वापरत. ती जोडताना तिची चकचकीत बाजू ध्वनियंत्राच्या डोक्याकडे ठेवत, कारण चित्राचा थर तिथे घासला तर त्याची पूड साचे. वाक्याच्या मधोमध मात्र असली फिल्म चालत नसे. निवेदक गप्प असतानाही ध्वनिकक्षाचा एक मंद आवाज फितीवर असतो. तो अचानक नाहीसा झाला तर कानाला भोक पडल्यासारखे वाटते. म्हणून मुद्रण संपल्यावर निवेदकाला काही क्षण न बोलता बसवून त्या खोलीची शांतता मुद्रित केली जाई. खोकला काढला की त्याच्या जागी तेवढ्याच फ्रेमची ही शांतता बसे.

व्हिडिओ आणि टाइमकोड

१९५६ मध्ये अॅम्पेक्स कंपनीने दोन इंची व्हिडिओ फीत बाजारात आणली. तिच्यावर चित्र डोळ्यांनी दिसत नसे. सुरुवातीला ती पात्यानेच कापत, पण चित्र वाचणारे आणि आवाज वाचणारे डोके एका जागी नसल्याने फिल्मचाच जुना पेच पुन्हा उभा राहिला : चित्राच्या जागी कापले की त्याचा आवाज अर्ध्या सेकंदाहून अधिक अंतराने तुटे. फीत कापणे लवकरच मागे पडले आणि एका यंत्रावरून दुसऱ्यावर निवडक भाग उतरवून घेण्याची पद्धत आली. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात टाइमकोड तयार झाला. प्रत्येक फ्रेमला तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेम असा स्वतःचा पत्ता मिळाला. फिल्मच्या छिद्रांचे आणि कडेच्या आकड्यांचे काम आता हा पत्ता करू लागला.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. बाहेरच्या चित्रीकरणासाठी तेव्हा फिल्मचा आधार होता. पुढे यू-मॅटिक कॅसेटी आल्या. त्यांत आवाजाचे दोन मार्ग असत. एकावर निवेदन आणि दुसऱ्यावर परिसराचा आवाज ठेवण्याची सोय त्यामुळे झाली. दोन प्रकारांनी संकलन करता येई. एकात चित्र, आवाज आणि फितीचा वेग सांभाळणारी नियंत्रण पट्टी एकत्र, एकापुढे एक जोडली जात. दुसऱ्यात आधी घातलेली नियंत्रण पट्टी न हलवता केवळ चित्र किंवा केवळ एकच आवाज बदलता येई. निवेदनासाठी दुसरा प्रकार अनमोल ठरला, कारण चुकलेले वाक्य तेवढ्याच वेळात पुन्हा वाचून बसवले की बाकी काहीच हलत नसे. वाक्याची लांबी बदलली तर मात्र पुढचा सगळा भाग नव्याने उतरवावा लागे आणि प्रत्येक उतरवणीत चित्र थोडे पुसट होई.

दूरचित्रवाणीच्या बातम्यांनी कामाचा क्रमही उलटा केला. माहितीपटात आधी चित्र ठरे आणि निवेदन त्यात बसवले जाई. बातमीत वेळ कमी असल्याने आधी निवेदन मुद्रित होई आणि त्यावर दृश्ये पसरली जात.

संगणकाच्या पडद्यावर

१९८९ मध्ये अॅव्हिड कंपनीची संगणकीय संकलन प्रणाली आली आणि १९९१ मध्ये ध्वनिसंकलनासाठी ‘प्रो टूल्स’. फीत प्रत्यक्ष कापणे संपले. मूळ मुद्रण तसेच राहते आणि संगणक केवळ कोणता तुकडा कुठे वाजवायचा हे लक्षात ठेवतो. आवाज लाटेच्या आकृतीत दिसू लागला, त्यामुळे शब्दाची कड कानाबरोबर डोळ्यांनीही सापडते.

इथे अचूकता फ्रेमपेक्षा कितीतरी सूक्ष्म असते. व्हिडिओसाठीचा आवाज सेकंदाला ४८,००० नमुन्यांत नोंदवला जातो. भारतात रूढ असलेल्या सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत एका फ्रेमला १,९२० नमुने येतात, २४ फ्रेमच्या चित्रपटात २,०००. सीडीसाठी मात्र ४४,१०० हे प्रमाण आहे. या प्रमाणाचा आवाज ४८,००० समजून वाजवला, तर तो जवळपास नऊ टक्के वेगाने धावतो आणि आवाजाची पट्टीही चढते. २४ फ्रेमचा चित्रपट २५ फ्रेमने दाखवला तर चार टक्क्यांची घाई होते. दोन वेगळ्या उपकरणांच्या घड्याळांत दहा लाखांत पन्नास भागांचा फरक असेल, तर तासाभरात आवाज आणि चित्र यांत ०.१८ सेकंदाचे, म्हणजे साडेचार फ्रेमचे अंतर पडते. मोबाइल फोनचे कॅमेरे प्रकाशानुसार फ्रेमचा वेग बदलतात, म्हणून तशा चित्रफितीला संकलनाआधी एकसारखा वेग द्यावा लागतो.

माणसाला ही तफावत किती जाणवते, याचाही अभ्यास झाला. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला किंवा १२५ मिलिसेकंद उशिरा आला तर ते लक्षात येऊ लागते. उशीर अधिक खपतो, कारण निसर्गातही प्रकाश आधी पोहोचतो आणि आवाज मागून येतो. दूरच्या घाटावर धुणे आपटलेले आधी दिसते, मग ऐकू येते. निवेदकाचे ओठ दिसत नसल्याने ही मर्यादा त्याला शब्दशः लागू होत नाही. त्याच्या वाक्याला दृश्याच्या अर्थाचे बंधन असते, आणि ते सेकंदांत मोजले जाते.

संगणकावर तुकडा पुसण्याच्या दोन रीती असतात. एकीत पुढचे सर्व काही अलीकडे ओढले जाते, दुसरीत त्या जागी रिकामी फट राहते. केवळ आवाजाच्या मुलाखतीत पहिली रीत सोयीची असते. चित्राला बांधलेल्या निवेदनात दुसरीच वापरावी लागते. फटीत खोलीची शांतता भरायची, तिच्या दोन्ही कडा शेजारच्या आवाजात हलकेच मिसळायच्या आणि गरज पडल्यास पुढचे वाक्य त्याच फटीच्या आत मागे-पुढे करून दृश्याशी बसवायचे. पट्टी न बदलता आवाज ताणण्याची सोयही आता आहे, पण फार ताणला तर शब्द अनैसर्गिक वाटतो. त्यापेक्षा दोन शब्दांमधला विराम कमी करणे किंवा वाक्यच आखूड लिहून पुन्हा वाचून घेणे चांगले.

तयार आवाज चित्राकडे परत पाठवताना पहिल्या फ्रेमच्या बरोबर दोन सेकंद आधी एका फ्रेमपुरता ‘बीप’ घातला जातो आणि तसाच एक शेवटी. पहिला बीप आपल्या फ्रेमवर पडला तर सुरुवात जुळली. शेवटचाही पडला, तर मध्ये कापलेल्या प्रत्येक शब्दाची वेळ भरून दिली गेली आहे आणि दोन्हींचा वेग एकच राहिला आहे, याची खात्री पटते. शेवटचा चुकला, तर दोष सुरुवातीत नसून मधल्या कुठल्यातरी सांध्यात किंवा वेगाच्या फरकात आहे, हे कळते आणि तिथून शोध सुरू करता येतो.